तिच्या बोटाखालचा आवाज

हिवरा आश्रमाजवळच्या एका गावातल्या शाळेवर माझी बदली झाली. चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. जन्मापासून तिचे हात थरथरत आणि तोंडातून शब्द उमटत नसत. समज मात्र लख्ख. फळ्यावर माझी बेरीज चुकली की सगळ्यांत आधी तीच हसायची. 'हो'ला डोळे मिटायची, 'नाही'ला तोंड फिरवायची. तिचं बोलणं तेवढंच.

घरी एक जुना मोबाइल पडून होता. चित्रावर बोट ठेवलं की आपण भरलेला आवाज वाजतो, असं एक फुकटचं ॲप मी त्यात घेतलं. पाणी, भूक, 'मला येतं', एकेक आकडा, सगळं माझ्या आवाजात भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं. बोट पाण्यावर जायचं आणि वाजायची भूक. मग साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून प्रत्येक चित्रावर एकेक खिडकी केली. आता हात पुठ्ठ्यावर टेकायचा आणि बोट बरोबर खिडकीत उतरायचं.

तरी ती दाबेना. एकदा ऐकायची आणि तोंड फिरवायची. शेवटी मी तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाच विचारलं, "का दाबत नाही गं ही?"

"मॅडम, तो आवाज तुमचा हाय ना! तुमच्यावानी कोन बोलते इथं?"

"असं आहे का?" मी मुलीला विचारलं. तिने डोळे गच्च मिटले.

"मग कोणाचा आवाज पाहिजे?"

थरथरता हात मैत्रिणीच्या खांद्यावर पडला.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात आम्ही तिघी बसलो. मैत्रीण बोलायची, ही ऐकायची. पसंत नसेल तर तोंड फिरवायची, की पुन्हा रेकॉर्डिंग. 'मले येते' पुरेसं ठसक्यात येईपर्यंत तिने मैत्रिणीला सोडलं नाही. "गप बस ना बे" हे दोघींनी माझ्या परवानगीशिवाय भरलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आठ सक किती?"

"मले येते!" पहिल्या बाकावरून आवाज आला. सगळा वर्ग वळला. बोट खिडकीत उतरलं. "चार." मग दुसऱ्या खिडकीत. "आठ."

"अठ्ठेचाळीस!" मी ओरडलेच. टाळ्यांच्या गदारोळात मागून एक जण म्हणाला, "मॅडम, मलेबी येत होतं!"

"गप बस ना बे!" मोबाइल म्हणाला.

वर्ग हसून लोळला. ती तर इतकी हसली की मैत्रिणीने तिला धरून ठेवलं.

शाळा सुटल्यावर आई शेतातून न्यायला आली. नेहमीसारखी बाटली तोंडाशी धरली. "पी बाई पानी."

"नाही पायजे."

आई दचकली. "कोन बोललं?"

"नाही पायजे. मले खेळाचं हाय."

आईला पुठ्ठ्याच्या खिडकीतलं बोट दिसलं. मग ती मोठ्यांदा हसली. "मॅडम, माही पोरगी मले नाही म्हनली!" फाटकाबाहेरून बाया चालल्या होत्या, त्यांनाही तिने थांबवून थांबवून तेच सांगितलं.

मैदानात कबड्डी चालली होती. मैत्रिणीने घाईघाईने आणखी एक शब्द भरून दिला. वर्गातली खुर्ची रेषेजवळ ठेवून आम्ही मुलीला तीत बसवलं. एका पोराचा पाय बाहेर पडला.

"आउट!"

"नाही ना! मी आत होतो," पोरगा भांडायला लागला.

"आउट! आउट! आउट!"

पोरगा मुकाट्याने बाहेर जाऊन बसला.