तिवानाकूची मोरी आणि आमची विहीर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, परतीच्या पावसात, निमोणे गावातल्या आमच्या विहिरीची उगवतीकडची भिंत ढासळली. ती बांधली होती गावातल्या एका मुसलमान गवंड्यानं. सारा गाव त्यांना मामा म्हणायचा. चुन्याचं बोटसुद्धा न लावता, घडीव दगडावर घडीव दगड चढवून त्यांनी ती उभी केली होती. भिंतीबरोबर मामांचं नावही गेलं. माझे वडील, म्हणजे आबा, पारावर सांगत सुटले, "म्हाताऱ्यानं अंग चोरून काम केलं." ऐकून दोन घरांनी मामांना सांगितलेली कामं काढून घेतली.

मी तेव्हा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत फिटर होतो. एका साहेबांनी टाकून दिलेलं इंग्रजी मासिक कँटीनमध्ये माझ्या हाती लागलं. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या तिवानाकूचे फोटो होते. उंच पठारावरचं, तळ्याजवळचं ते नगर इंका राजांच्याही कितीतरी शतकं आधीच्या लोकांनी बांधलेलं. फोटो बघता बघता माझा चहा गार झाला. त्या लोकांकडे लोखंड नव्हतं, चाकाची गाडी नव्हती, आणि दगडातले आतले कोपरे मात्र चोख काटकोनात! आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडात तसा कोपरा काढायचा तर मशीन झाल्यावर कानस घेऊन बसावं लागतं आणि तरी सुपरवायझर नाक मुरडतो. तिवानाकूत शेजारच्या दोन दगडांत मिळून इंग्रजी आय अक्षरासारखी खाच कोरायची, तीत वितळलेला धातू ओतायचा, की दगड एकमेकांना सोडत नाहीत. काही लोकांना हे परग्रहावरून आलेल्यांचं काम वाटतं, असंही खाली छापलं होतं.

सुट्टीला गावी गेलो तेव्हा मासिक घेऊन मामांकडे गेलो. आबांना आवडलं नसतं, पण गावात हे कळणारा दुसरा माणूस नव्हता. मामांनी चष्मा पुसला, पान उजेडात धरलं आणि मी काही वाचून दाखवायच्या आत खाचेवर बोट ठेवलं.

"हितं धातू वतलाय. माझ्या आज्यानं नदीच्या घाटाच्या पायऱ्यास्नी असंच शिसं वतलं व्हतं."

परग्रहावरच्या पाहुण्यांचं सांगितलं तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले.

"हितं बघ, टवका उडालाय. मंग घासून लपिवलाय. वरून आल्याला कशाला घासत बसंल? ह्यो मानसाचाच हात हाय, भाच्या. आन् काय हात हाय!"

पुढच्या पानावर पायऱ्यांचा एक प्रचंड चौथरा होता आणि त्याच्या पोटातून काढलेली दगडी मोरी. मामांनी त्या मोरीवरून बोट फिरवलं.

"पान्याला वाट ठिवलीय. न्हाईतर भितीमागं पानी तुंबतं आन् भितीला ढकलतं."

आमच्या विहिरीतली पाण्याची वाट मीच बंद केली होती. दोन वर्षांपूर्वी, कंपनीत कायम झाल्यावर, मी आमच्या विहिरीत दोर बांधून उतरलो होतो. पावसाळ्यात त्या भिंतीच्या फटीफटीतून पाणी पाझरायचं. गळती दिसली की बंद करायची, हे फिटरच्या हाडात भिनलेलं असतं. मी दोन दिवस राबून एकूण एक दरज सिमेंटनं बुजवली होती, आणि आबांनी कौतुकानं सगळ्या गावाला नेऊन ती भिंत दाखवली होती.

"त्या गवंड्यांची नावं लिवल्यात का रं?" मामांनी विचारलं.

"न्हाई, मामा."

"बरं झालं. भित पडली तर शिव्या कुनाला द्यायच्या?"

ते पुन्हा हसले. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"मामा, दरजा म्या बुजवल्या व्हत्या."

"ठाव हाय. पडली त्याच दिशी दगडाला चिकाटल्यालं सिमिट बघितलं मी."

"मंग बोलला का न्हाई?"

"तुझा बा पोराचं काम म्हून समद्यास्नी दावीत फिरला व्हता. त्येच्या तोंडावर कसं सांगू?"

एवढं बोलून त्यांनी पान उलटलं आणि पुढचं वाचून दाखव म्हणाले. मासिक त्यांच्याकडेच ठेवून मी पारावर गेलो. आबा चारचौघांत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की भिंत मामांच्या चुकीनं नाही, माझ्या सिमेंटनं पडली. आता पायताण बसणार, असं मला वाटलं.

"त्यास्नी ठाव हाय?" आबांनी विचारलं.

"पैल्या दिसापासनं. तुमच्या तोंडावर कसं सांगू म्हनले."

आबा उठले. चपला पारापाशीच राहिल्या आणि ते अनवाणीच मामांच्या घराकडे चालू लागले.