भागाआत्याची पाणंद

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. विहारात डोळे मिटून बसलो असताना स्वतःशीसुद्धा मी ते पूर्ण वाक्यात कधी उच्चारले नाही. आज लिहितो आहे ते मन हलके व्हावे म्हणून नव्हे — ते वय निघून गेले. लिहितो आहे संतापाने. आमच्या गावाच्या नकाशाविषयी लोक तीन कथा सांगतात आणि तिन्ही खोट्या आहेत. खरे काय ते सांगू शकणारा मी एकटा उरलो आहे, आणि नेमका मीच इतकी वर्षे तोंड मिटून बसलो. मग संतापायचे तरी कोणावर?

पहिली कथा ग्रामपंचायतीने अलीकडे छापलेल्या पुस्तिकेत आहे. तीत माझे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘लोकांच्या नकाशाचे जनक’ असे शब्द आहेत. गायरानावरच्या घरांची वाट तालुक्याच्या अभियंत्याने कचेरीत बसून खोडली, असे त्या लेखकाने ठोकून दिले आहे. दुसरी कथा माझ्या भावकीतले लोक सांगतात, अर्थात माझ्या पाठीमागे — निवृत्तीरावाने जमिनीच्या लोभाने वाट गिळली. तिसरी कथा सगळ्यांत सभ्य आणि म्हणूनच सगळ्यांत नीच. भागाआत्या म्हातारी झाली होती, तिला भ्रम झाला होता, अशी कोणतीही वाट तिथे कधी नव्हतीच. ही तिसरी कथा कोणी रचली, ते शेवटी सांगेन. — नाही, शेवटी कशाला? मीच रचली.

पण नुसते एवढे सांगून भागणार नाही. मी कोण होतो ते तुम्हाला कळले पाहिजे, नाहीतर तुम्हीही त्या भावकीसारखे लोभावर बोट ठेवून मोकळे व्हाल.

मी भूमापक. बारामतीच्या कचेरीत माझी सारी नोकरी झाली. सांगवीपासून कऱ्हाटीपर्यंत असे शिवार नसेल जिथे मी साखळी ओढली नाही. आमच्या बापजाद्यांकडे वीतभर जमीन नव्हती. छप्पन साली आमच्या वस्तीने जुनी कामे आणि जुने देव एकाच वर्षी सोडले, तेव्हा मी शाळा संपवून नोकरी शोधत होतो. वस्तीतला पहिला सरकारी नोकर मी. ज्यांच्या बांधावर माझ्या आजोबांना उभे राहू देत नसत, त्यांच्या बांधांचा निवाडा मी करीत असे. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी ‘निवृत्तीरावांनी मोजलंय’ म्हटले की तंटा मिटे. हा अभिमान तुम्हाला फाजील वाटेल. वाटो. तो मी कष्टाने मिळवला होता.

नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मी निवृत्त होऊन गावी परतलो, निमगाव केतकीपासून बसने थोड्याच अंतरावर. तेव्हा गावाच्या वाढीचा आराखडा कसा होत असे, ठाऊक आहे? जिल्ह्याच्या कचेरीत कोणीतरी जुना नकाशा पसरी आणि रंगीत पेन्सिलीने ठरवी — इथे बाजार, इथे घरे, इथे उकिरडा. हरकती मागवल्याची नोटीस तालुक्याच्या फलकावर इतर कागदांखाली दडपलेली असे. मुदत संपली की लोकांची हरकत नाही असे गृहीत धरीत. आमच्या गावाचा आठवडे बाजार त्यांनी ओढ्याच्या पात्रात दाखवला होता, कारण पाहणीला आलेला मनुष्य वैशाखात आला होता आणि ओढा कोरडा होता! उकिरडा दाखवला होता पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, कारण ती विहीर त्यांच्या कागदावरच नव्हती.

मी भांडलो. त्या भांडणातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. पंचायतींना घटनेने नुकतेच अधिकार दिले होते. मी ते कलम खिशात घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. जे लोक जमिनीवर चालतात त्यांना जमीन कागदावर बसणाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते — हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की शिपायांनाही पाठ झाले. अखेर तालुक्याने मान्य केले. गावाने आपला आराखडा स्वतः करावा, ग्रामसभेने मंजूर करावा आणि कचेरीने तो तपासून घ्यावा.

मग आम्ही शिवारफेरी काढली. सलग तीन सकाळी निम्मे गाव ओढे, बांध, गायरान पायाखाली घालत हिंडले. त्यानंतर शाळेच्या पटांगणात बायकांनी सारे गाव जमिनीवर काढले. हद्दीला रांगोळी, पाण्याला कपड्याची नीळ, वाटांना गेरू, विहिरीला उपडी वाटी. ज्या बायका चावडीची पायरी कधी चढल्या नव्हत्या, त्या बोट दाखवून पुरुषांना सांगत होत्या की पाणी कुठे साचते आणि गर्भारशीला दवाखान्यात न्यायचे तर बैलगाडी कुठे अडते. एवढा आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. तो नकाशा कागदावर उतरवण्याचे काम अर्थातच माझे होते. दुसऱ्या कोणाचे नाव निघण्याचा प्रश्नच नव्हता. रांगोळी वाऱ्याने दोन दिवसांत उडून गेली. उरणार होते ते माझ्या शाईने काढलेले.

त्या फेरीत सगळ्यांत पुढे होती भागाआत्या. आमच्या वस्तीचीच लेक. तरुणपणी नवरा गेला म्हणून माहेरी परतलेली, जन्मभर शेळ्या राखलेली. गायरानाकडे जाताना ती माझ्या शेताच्या बांधापाशी थांबली. काठी टेकून म्हणाली, “हितं पाणंद व्हती. दोन गाड्या शेजारून जायाच्या. म्या परकरी पोर असताना ह्याच वाटंनं शेरडं न्हेली हायेत.”

गायरानावर भूमिहीनांसाठी घरांच्या जागा द्यायच्या ठरल्या होत्या — आमच्या वस्तीतली आणि वरच्या आळीतलीही कुटुंबे. तिथे पोचायला दुसरी वाट होती ती ओढ्यातून वळसा घालून, आणि पावसाळ्यात ती बंद. भागाआत्याची पाणंद खरी ठरली तर घरे गावाला जोडली जाणार होती. नाहीतर त्या नुसत्या कागदावरच्या जागा. प्रश्न एवढाच होता. इतर म्हाताऱ्यांना विचारले तर ते म्हणाले, असंल बी, नसंल बी. भागाआत्याने मात्र पटांगणात माझ्या शेतातून गेरूची जाड रेघ ओढली आणि हात झटकले.

आता इथे मी अडखळतो. — शेत मी निवृत्तीच्या आधी काही वर्षे घेतले होते. आमच्या घराण्याची पहिली जमीन. लोकांना मी आयुष्यभर बजावले की जमीन घेताना उभे बांध पाहू नका, कचेरीतला मूळ नकाशा काढा, कारण बांध सरकतात. आणि स्वतःची जमीन घेताना मी काय केले? उभ्या बांधांवरून फीत धरली आणि खूण पटवली. नकाशा काढलाच नाही. मला कोण फसवणार? पंचक्रोशीत कोणाची छाती होती? वर्षभराने सहज म्हणून गावनकाशाची सही-शिक्क्याची प्रत काढली, आणि माझ्या शेतातून ठिपक्यांच्या दोन समांतर रेघा आरपार गेलेल्या दिसल्या. विकणाऱ्याच्या बापाने केव्हातरी पाणंद नांगरून शेतात घेतली होती आणि मुलाने ती मला विकली. मोजणीदाराला सार्वजनिक वाट विकली!

म्हणजे शिवारफेरीत भागाआत्या थांबली त्या क्षणी, साऱ्या गावात ती खरे बोलते आहे हे कागदानिशी ठाऊक असलेला मनुष्य मी होतो. एकटा मी. आणि ती प्रत माझ्या कपाटात होती.

भावकीतल्या विद्वानांनो, लोभ म्हणता? त्या पट्ट्यात बाभळी आणि दगड होते. तो देऊन टाकायला मला एक घटका लागली नसती. मला सोसणार नव्हते ते दुसरेच. पाणंद खरी ठरली तर लोक विचारणार होते, ‘निवृत्तीराव, घेताना मोजली नव्हती काय?’ चहाच्या टपरीवर हसणार होते. ज्यांचे बांध मी सरळ केले ते हसणार होते. आमचा माणूस शिकला तरी शेवटी गंडला, असे वरच्या आळीत कोणीतरी बोलणार होते — आणि ते हसू मी आधीच ऐकत होतो. त्या न झालेल्या हसण्याच्या भीतीने मी नकाशाला शाई भरली. विहीर घेतली. ओढा घेतला. उकिरडा हलवला. बायकांनी दाखवलेले प्रत्येक पाणवठ्याचे ठिकाण अचूक घेतले. गेरूची एक रेघ सोडली.

आणि अभियंत्याविषयी लिहिणाऱ्या त्या पुस्तिकाकाराला म्हणावे, लाज बाळग. नकाशा तपासताना त्या तरुण अभियंत्याने मला स्वतः विचारले होते, एका वृद्ध बाईंनी पाणंद सांगितली असे शिवारफेरीच्या टिपणात आहे, तिचे काय झाले? जन्मात पहिल्यांदा कचेरीतल्या माणसाने माझ्यासमोर लोकांच्या बाजूने प्रश्न केला, आणि उत्तर देणारा मी होतो. मी म्हणालो, मूळ नकाशात अशी वाट नाही. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि सही केली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा अपराध.

त्याआधी ग्रामसभेत आराखडा वाचला गेला तेव्हा भागाआत्या उठली होती. बायका उठून बोलत नसत, ती उठली. पाणंद कुठं गेली, असे तिने विचारले. मागून कोणीतरी म्हणाले, “आत्याबाई, पाणंद शेळीनं खाल्ली आसंल.” सभा खदखदून हसली. मीही हसलो. — हो, मीही. मग मी उभा राहिलो आणि शुद्ध, सौम्य, समजावणीच्या स्वरात सांगितले की माणसाची स्मृती आदरणीय असते, परंतु ती वयानुसार फसवते आणि नियोजन पुराव्यावर चालते. ज्या वाक्याविरुद्ध मी कचेऱ्यांतून भांडलो, तेच वाक्य मी माझ्या सभेत, माझ्या माणसांना, कचेरीतल्यांहून चांगल्या मराठीत ऐकवले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. “निवृत्ती, तू म्हणतूस तर नसंल बाबा,” म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या ग्रामसभेला बायका आल्या नाहीत. त्यानंतर कधीच नाही, निदान बोलायला नाही. भागाआत्याचं खोटं ठरलं तर आमचं काय टिकतंय, असे त्या पाणवठ्यावर म्हणत, हे मला माझ्या पत्नीने सांगितले; मी वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवले. आराखडा मंजूर झाला. जिल्ह्याच्या बैठकांतून मला त्यावर बोलायला बोलावू लागले. गायरानावर विटा वाहणाऱ्या गाड्या ओढ्यात रुतल्या. काही कुटुंबांनी चौथरे बांधून तसेच सोडले, त्यांवर गवत उगवले. ज्यांनी घरे बांधली ते दर पावसाळ्यात आजारी माणूस खाटेवर घालून ओढ्याचे पाणी उतरण्याची वाट पाहत बसले. त्यांतल्या काहींनी माझ्या सत्काराला वर्गणी दिली.

नकाशाची ती प्रत मी या लिखाणासोबत ग्रामपंचायतीत जमा केली आहे. त्यात माझे मोठेपण नाही. ती गावाचीच होती. तो पट्टा आजही माझ्या बांधाच्या आत आहे, आणि कोणीही येऊन मोजावा.

एक गोष्ट राहिली. सभेनंतरच्या सुगीत मी शेतावर होतो. भागाआत्या दोन शेळ्या घेऊन बांधापाशी आली आणि गायरानाकडे जायला लांबच्या वळशाने वळली. ऊन कडक होते. मी हाक मारली, म्हटले, आत्या, इथूनच जा, पीक निघाले आहे, कोण अडवतंय? ती थांबली. जिथे तिने काठी टेकली होती त्याच जागेकडे तिने बराच वेळ पाहिले — जणू स्वतःच्या पायांना पुन्हा विचारून पाहत होती. मग मान हलवली.

“न्हाय रं. हितं वाट न्हाय. माझंच ध्यान चुकलं व्हतं.” आणि शेळ्यांना काठीने वळवत, “चारचौघांत तुला उगंच इचारलं. मनात ठिवू नगंस.”

तिचे ध्यान चुकले नव्हते. आणि ते ठाऊक असलेला मी, हातातला विळा खाली न ठेवता म्हणालो, असू दे, आत्या, होतं असं.

मी तिला माफ केले.