काकू समुद्रावर गेली आणि समुद्र जागेवर नव्हता

परवा रविवारी पहाटे सहा वाजता आम्ही तेरा जण टॉवेल, कोरडे कपडे आणि हळदी-कुंकू घेऊन समुद्रावर गेलो... आणि समुद्र तिथे नव्हता!

खरंच नव्हता. समोर नुसता ओला, राखाडी चिखल, आणि फार लांब एक पांढरी रेघ.

आमच्या कॉलनीच्या निसर्ग मंडळाचा हा कॅम्प होता, डहाणूच्या पुढे. सुरूच्या झाडांखाली तंबू, समोर किनारा आणि मागे खाजण, म्हणजे खाडीचं पाणी आत शिरून झालेली दलदल. नियोजन माझ्याकडे होतं. मला ओळखणाऱ्यांना कळलंच असेल की मी टॉर्चचे जादा सेल, ओआरएस, सेफ्टी पिना, सगळं दोनदोनदा तपासलं होतं.

माघी पौर्णिमा म्हणून 'पहाटे सहा : समुद्रस्नान, आठ : परत' असं टाइमटेबल मीच टाइप केलं होतं. आम्ही नाशिकचे. पर्वणीचं स्नान पहाटे, आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पाणी असतंच... भरती-ओहोटी बघायची असते हे तेरापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"धरणातून पाणी कधी सोडतात, विचारून ये जरा," पवार सर म्हणाले. ते आमचे मंडळाचे प्रमुख. सगळे हसले. मला मात्र रडू यायला लागलं होतं.

कारण काकू.

माझी काकू साठ वर्षांची आहे. माहेर सायखेड्याचं, नदीत पोहायला शिकलेली, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. दोनदा तिचं जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा मला दमा उसळला म्हणून ती घरी थांबली. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेतही गेले नाही, तिनेच मला स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसवून शिकवलं.

आदल्या दिवशी टायर पंक्चर झाल्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जेवताना लाटांचा आवाज अगदी तंबूपाशी येत होता. काकू म्हणाली, "चल गं, नुसते पाय बुडवून येऊ." मी म्हटलं, "नको काकू, अंधारात नको. सकाळी आहेच की टाइमटेबलमध्ये."

आता सकाळ झाली होती आणि समुद्र गेला होता. काकू हळदी-कुंकवाची डबी घेऊन उभी. "असू दे," म्हणाली, "लांबून दिसला ना, झालं." हे तिचं 'असू दे' मी लहानपणापासून ऐकत आलेय... त्याचाच मला जास्त त्रास होतो.

चिखलात एक कोळीण वाकून शिंपल्या गोळा करत होती. मी धावत जाऊन विचारलं, पाणी परत कधी येणार?

तिने मला आपादमस्तक पाहिलं. "आज पुनव नाय का? तिथीची पाऊणकी करायची, तवा भरती. शिकली-सवरलेली दिसते, पाऊणकी नाय येत?"

मागून काकूचा आवाज आला, पाढे म्हणायच्या चालीत, "पंधरा पाऊण सव्वा अकरा!"

पुनवेची तिथी पंधरावी, पंधराचे पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे सव्वा अकराला पूर्ण भरती. कोळीण खूश झाली. "आजीला येतंय बघ! दहाला या, मस्त पाणी असंल."

पण आठला तर निघायचं होतं. पवार सरांच्या घरी संध्याकाळी नातीचं बारसं होतं. मला दुकानात दुसरा रंग दाखवा म्हणायलाही जमत नाही... बारा माणसांना चार तास थांबा कसं म्हणणार? तरी गेले. "सर, काकूने समुद्र... आपण बाराला निघालो तर..."

सर काकूकडे बघून म्हणाले, "बाळाला कुठे घड्याळ कळतं! पण आमच्या घरी फोन तू करायचास. मला जीव प्यारा आहे." मी फोन केला. बोलणी खाल्ली. आणि गंमत म्हणजे, काही झालं नाही मला!

मग चार तास आम्ही खाजणात भटकलो. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांमध्ये चिखलावर चक्क उड्या मारत चालणारे मासे होते, निवट्या म्हणतात त्यांना. "हा मासा आहे की बेडूक? एकदाचं ठरव रे बाबा," काकू त्यांच्याशी बोलत होती. एक चिमुकला खेकडा आपली एकच मोठी नांगी आमच्यावर उगारून उभा राहिला, त्याला सगळ्यांनी हात जोडले.

दहाला समुद्र आला. म्हणजे खरोखर आला, चालत, एकेक पाऊल टाकत, सुरूच्या झाडांपर्यंत.

काकूने हळदी-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि गुडघाभर पाण्यात सरळ मांडी घालून बसली, जशी गंगेवर बसते. पुढच्या लाटेने तिला उलटं केलं. मी किंचाळले. ती उठली, तोंडातलं पाणी थुंकली आणि ओरडली, "अगं, खरंच खारट आहे!"

साठ वर्षं ऐकलेलं तिने स्वतः चाखून पाहिलं होतं. मग माझा हात धरून मलाही ओढलं. पाऊण तास कुणी बाहेर आलं नाही.

नाशिकला पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. सर घुगऱ्यांवर खूश.

कुणाला थांबा म्हणणं म्हणजे त्रास देणं, असं मला आजवर वाटायचं. त्या दिवशी थांबलेल्या प्रत्येकाला मनापासून थँक्यू... काकूने साडी तीनदा धुतली, वाळू अजून निघतेच आहे. ती दर वेळी मला बोलावून दाखवते.