राजपुत्राचं घर पाहणं

जैनथ गावात पोरगी द्यायची म्हटलं की मुलाचं घर पाहायला सखूबाईला नेतात. चहाला हात लावण्याआधी ती मागच्या दारी जाते, सून भांडी कुठं घासणार ते बघते आणि मगच तोंड उघडते.

यंदा पाळी तिच्या भाचीची, शाळेत शिकवणाऱ्या प्रीतीची होती. स्थळ म्हणून आलेल्या मुलाने तिला एक स्पॅनिश गाणं पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'हा राजपुत्र म्हणजे मी.' प्रीतीने मोबाइलवर अर्थ काढून ओल्या आवाजात वाचला. राजपुत्र महालात एकटा बसलाय, वाढलेलं ताट थंड झालंय, तो रडतोय.

"ताट कोनं वाढलं?" सखूबाईने विचारलं.

"नोकरांनी असेल, मावशी."

"मंग एकटा काऊन? वाढनारे मानसं नाईत का? अन् थंड झालं त गरम करून घ्यावं!"

"मावशी, ते दुःख आहे."

"कायचं दुःख! आयतोबा हाय तो. बायको नाई, गरम करनारी पाहून राह्यला."

प्रीतीने ओळी पुन्हा वाचल्या. अख्ख्या गाण्यात राजपुत्र एकदाही जागचा उठत नव्हता. तिने मुलाला लिहिलं, 'आधी ताट गरम करा, मग बोलू.'

उत्तरात आणखी एक उदास गाणं आलं. सखूबाईने ते ऐकलंही नाही. घर पाहून झालं होतं.