पासवर्ड विसरलेल्यांचे फोन

मी जळलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्यात मनाचा मोठेपणा शोधत बसायला नको.

नोकरीसाठी म्हैसूरला आलो तेव्हा इथल्या आमच्या मराठी मंडळाचा सगळा कारभार एका जाड वहीत चालायचा. सभासद कोण, सभागृह कोणाला कधी हवं, गणपतीत जेवायला किती पानं, सगळं वहीत. ती वही मी बंद केली. सहा महिन्यांचे शनिवार-रविवार घालून मंडळासाठी वेब ॲप लिहिलं. मोबाइल नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, आत जाऊन आपलं पान नोंदवायचं. मंडळानं मला शाल-नारळ दिला. शाल अजून कपाटात आहे.

अडचण एकच होती. निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे, कैक पिढ्यांपासून इथलेच. त्यांना पासवर्ड लक्षात राहत नसे. विसरला तर नवा करायला एक आकडा सभासदाच्या मेलवर जाई, आणि यांच्याकडे मेल कुठला? म्हणून नोंदणीच्या दिवशी, मागे रांग लागलेली असताना, ज्याला मेल नाही त्याच्या नावापुढे मी सरळ माझाच मेल टाकत गेलो. एक मेल दोघांना चालणार नाही, ही अट मीच प्रोग्रॅममध्ये घातली होती. मीच ती काढली. तात्पुरती म्हणून काढली आणि तशीच राहिली.

मग जो विसरेल तो मला फोन करायचा, आकडा माझ्या मेलवर यायचा, मी तो वाचून दाखवायचो. आठवड्याला चार-पाच फोन ठरलेले. बायकोपाशी मी कुरकुर करायचो, पण फोन आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं. परक्या गावात आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही काही लहान गोष्ट नाही. सगळ्यात जास्त फोन नजरबाद भागातल्या काकूंचे. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. "मत्ते विसरले रे," अशी सुरुवात व्हायची. हे 'पुन्हा' त्या मराठीत कधीच म्हणाल्या नाहीत.

आणि मग ती आली. टी. नरसीपूरचं जुनं मराठी घर, लग्न होऊन म्हैसुरात, काम माझ्यासारखंच प्रोग्रॅम लिहिण्याचं, वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी. तिचं मराठी म्हणजे दोन शब्द आपले, तिसरा कन्नड. मी साताऱ्याचा, माझ्या मराठीला नाव ठेवायची कोणाची छाती नाही. पण मंडळात तिनं पाऊल टाकलं आणि म्हाताऱ्या तिच्या गालावरून हात फिरवायला लागल्या, कारण तिच्या आजीला सगळ्या ओळखत होत्या. माझ्या आजीला इथं कोण ओळखणार?

पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, पासवर्डच काढून टाकू या. प्रत्येकाच्या फोनमध्ये मेलचं खातं आता उघडलेलंच असतं. एक बटण ठेवू, ते दाबलं की मेलवाली कंपनीच आपल्याला सांगेल, माणूस ओळखीचा आहे, सोडा आत. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षानुवर्षं मी आकडे वाचून दाखवले तेव्हा कोणाच्या माना हलल्या नव्हत्या. आयत्या बिळावर नागोबा, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, बिळात पाणी शिरलंय हे तुम्हीच रोज सांगत होता ना?

त्या मुलीनं मला नीट विचारलं होतं, हे कबूल करतो. "दादा, सगळ्यांचे मेल वेगळे आहेत अल्वा?" मी "हो" म्हणालो. चाचणीसाठी सभासदांची खरी यादी मागितली तेव्हा लोकांची माहिती खासगी असते, असं तोंड वर करून सांगितलं आणि दहा खोट्या नावांची यादी दिली. माझ्या मनात काय होतं? ते बटण फसावं, भर सभेत फसावं आणि लोकांनी पुन्हा मला फोन करावेत, एवढंच होतं. ते फसलं तर कशानं फसेल, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिनं ते दाखवायचं ठरवलं. मोठा पडदा लावला होता, शंभरेक माणसं तिळगूळ खात बसली होती. माइकवरून ती म्हणाली की ॲप दादांचं आहे, तेव्हा पहिल्यांदा बटण त्यांनीच दाबायचं. मला पुढे जावं लागलं. दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'नमस्कार', आणि त्यापुढे नजरबादच्या काकूंचं नाव. खाली त्यांचा फोटो. त्याखाली गणपतीची नोंद: पानं, एक.

सभेत हशा पिकला. काकू दुसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "मी इथं बसलेय, आत कशी गेले?" त्या बटणानं माझा मेल बघितला होता आणि त्या मेलवरचं पहिलं सापडलेलं माणूस उघडलं होतं. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन क्षणांत तिला सगळं कळलं. मी वाट बघत होतो, आता ही माझं वस्त्रहरण करणार.

ती माइकवर म्हणाली की चूक तिचीच आहे, तपासायचं राहून गेलं. लोकांनी ते मानलं. मी खाली बसलो आणि तिळगूळ चघळत राहिलो. उठून खरं सांगायला हवं होतं, पण नाही उठलो.

नंतर जिन्यात तिनं विचारलं, किती जणांना माझा मेल आहे. मी म्हणालो, बेचाळीस. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं नुसती मान हलवली आणि म्हणाली की अर्धी घरं ती करेल, अर्धी मी करावीत. चिडली असती तर बरं झालं असतं. मोठेपणातसुद्धा ही बाई माझ्या पुढे.

माझ्या वाटणीचं पहिलं घर काकूंचं घेतलं. मुद्दाम घेतलं. काकूंना मेल काढून द्यायचा, सावकाश शिकवायचं, तासभर बसायचं, असं ठरवून गेलो. त्यांनी कॉफी ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला. त्यात मेलचं खातं होतं. पुण्याच्या भाचीनं तीन वर्षांपूर्वी काढून दिलेलं, रोज वापरातलं.

"काकू, हे आधी का नाही सांगितलं? मला फोन करायची वेळच आली नसती."

"सांगणार होते रे. पण त्यासाठीसुद्धा तुलाच आणखी एक फोन करावा लागला असता." त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "तू फोन उचललास की सुस्कारा टाकायचास. मला ऐकू यायचा. पासवर्ड विसरले की मी दोन-दोन दिवस तशीच थांबायचे, तुझ्या सुट्टीचा वार येईपर्यंत."

माझा मेल त्यांच्या नावापुढून पुसला आणि त्यांचा घातला. काकूंनी चष्मा लावला, बटण स्वतः दाबलं आणि आत गेल्या. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

त्यांनी लगेच फोन लावला. मला वाटलं, भाचीला. लावला होता टी. नरसीपूरवालीला.

"बंतु गं, जमलं. आले मी आत. एकटीनं," काकू सांगत होत्या. मग पलीकडून तिनं काहीतरी विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"नाही गं. इथंच बसलाय, कॉफी पितोय. आज नाही रागावला."