अवसेच्या एका दिवसाचा खंड

"मॅडम, विमा आहे माझा. हप्ता भरलेला आहे, पावती हातात आहे," ज्ञानेश्वरी शितपने तिसऱ्यांदा सांगितलं.

"पण शनिवारी नव्हता मॅम," दूध कंपनीची मुलगी पुण्याहून फोनवर गोड आवाजात म्हणाली.

शनिवारी अमावास्या होती. तिथेच तर सगळं अडलं.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे तिचं दुकान. फलकावर नाव दूधवाल्या कंपनीचं, भाडं आणि कटकट तिची. पेढे, श्रीखंड, खव्याचे मोदक विकायचे तर कंपनीच्या अटीप्रमाणे आगीचा विमा हवा, चोरीचा हवा, गिऱ्हाईक घसरून पडलं तर त्याचाही हवा. आणि त्यात एका दिवसाचाही खंड पडता कामा नये. सहा वर्षं तिने निमूट पाळलं. यंदा जुन्याची मुदत शुक्रवारी संपली. नवा शनिवारपासून लागायचा, तर तिनेच विमा एजंट संदेशला सांगितलं, "अवसेला नको रे बाबा नवीन कागद. रविवारपासून कर."

संदेशच्या घरीही अवसेला नव्या कामाला कोणी हात लावत नाही. "बरोबर आहे वहिनी," म्हणत त्याने तारीख पुढे ढकलली.

आणि आज सोमवारी मोदकांची मागणी भरायला मोबाइल उघडला, तर लाल अक्षरं: विम्यात खंड, मागणी बंद. परवा गणपती. चाकरमानी बॅगा घेऊन स्टँडवर उतरायला लागलेले. वर्षभराची कसर या दोन दिवसांत भरून निघते. मागणी पाचच्या आत गेली तरच उद्या गाडी येणार.

"आता करायचं काय ते सांगा," ती फोनवर म्हणाली.

"शनिवारी दुकानात काही नुकसान झालं नाही, असं स्टॅम्पपेपरवर लिहून पाठवा."

खुर्चीत बसलेले सासरे, आप्पा, हसले. "मी जन्मभर अवस पाळली. मला कोणी आंबे बंद केले नाहीत."

"तुमच्या कलमांवर कंपनीचा फलक नव्हता आप्पा!"

ती रिक्षाने कोर्टाजवळ गेली. स्टॅम्पवाला जेवायला गेलेला. तासभर उन्हात उभी राहून कागद घेतला आणि तिथल्याच बाकावर लिहिलं: शनिवारी आग नाही, चोरी नाही, कोणी पडलं नाही. सही केली, फोटो काढून पाठवला. सव्वाचार वाजले होते.

"मिळाला मॅम. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

साडेचार. "मीटिंगमध्येच आहेत." पाचला दहा कमी असताना फोन कोणी उचलेना. दुकानात परत आलेली ती देवाच्या तसबिरीसमोर मोबाइल ठेवून बसली. मागायचं तरी काय? साहेबांची मीटिंग संपव?

पाच वाजून चाळीस मिनिटांनी लाल अक्षरं हिरवी झाली. पुढची गाडी शुक्रवारी.

संदेश दारात आला, चप्पलसुद्धा काढेना. "वहिनी, चूक माझीच."

"तुझी कसली? तोंड माझंच होतं. पण पुढच्या वर्षी अवस येवो नाहीतर ग्रहण, जुना संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा. मी हळदकुंकू लावून घेईन कागदाला."

तेवढ्यात एक चाकरमानी खांद्यावरची बॅग सावरत आत आला. "मोदक द्या हो ताई, दोन किलो."

"शुक्रवारी येतील."

"शुक्रवारी?" तो रिकाम्या काचेकडे बघत म्हणाला. "आमचा दीड दिवसाचा असतो."