उसातल्या घरातली रेसकार

अवसरी बुद्रुकची समृद्धी रेसच्या गाडीत बसली ती लहानखुऱ्या अंगकाठीमुळं. तिच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी स्पर्धेसाठी गाडी बांधली होती आणि चालकाच्या अरुंद जागेत ही एकटीच नीट मावली. पहिल्याच फेरीत तिनं गाडी अशी काही पळवली, की पुढं चालवायला दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही.

मग लग्न होऊन ती बोरी बुद्रुकला आली. घर मळ्यात, चहूबाजूंनी ऊस. बिबट्यापायी दिवस मावळायच्या आत दाराला कडी लागायची. नवरा ऋषी चाकणच्या कंपनीत. दारातली चारचाकी तोच घेऊन जाई. समृद्धीकडं लायसन होतं, पण "पावण्यारावळ्यांत बरं दिसत नाय," असं ऋषी म्हणे, आणि किल्ली कधी तिच्या हातात आली नाही. नोकरीचं विचारलं की तो "बघू" म्हणे. चिडत नसे, आवाज चढवत नसे. त्यामुळं तिला धड भांडताही येईना.

एकदा त्यानं खोक्यातून रेसकारचं प्लॅस्टिकचं मॉडेल आणलं. सगळे भाग सुटे, जोडून रंगवायचे. "घे, घरबसल्या हौस भागंल तुझी," तो म्हणाला.

समृद्धीनं ते मनावर घेतलं. स्वैपाक, गोठा उरकला की ती खिडकीशी बसायची. भाग घासून धुवायची, रंगाआधी अस्तराचा हात द्यायची, चिकटपट्टी लावून एकेक रंग चढवायची. उसाची कुसळं ओल्या रंगावर बसली की पुन्हा घासायची. खोक्यावर दाखवलेले रंग तिनं घेतलेच नाहीत. कॉलेजच्या गाडीचा निळा-पिवळा रंग दिला. धुराच्या नळीला पेन्सिलीच्या शिशाची काजळी लावली. जुन्या फितीतून सीटचे पट्टे कापले, गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे बकल केले.

तिच्या सासू झुंबरबाई जवळच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं.

"येवढं आवळून बांधत्यात व्हय माणसाला? जीव न्हाई घुसमटत?"

"नाही, आत्या. पट्टे आवळले की मगच मोकळं वाटायचं."

झुंबरबाई सुनेकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पुढची शेंग उचलली.

गाडी पुरी झाली. समृद्धीनं ती हॉलमधल्या टीव्हीशेजारी ठेवली. दोनतीन दिवसांनी सकाळी झाडताना बघते, तर जागा मोकळी. ऋषी कामावर गेलेला. संध्याकाळी तो हसतच घरात आला.

"साहेबांच्या पोराचा वाढदिवस व्हता. नेली तुझी गाडी. लई खूश झालं पोरगं!"

समृद्धीच्या हातातलं ताट हातातच राहिलं. "मला विचारायचं तरी."

"अगं, खेळणंच ना ते? दुसरं आणतो."

"खेळणं न्हवतं ते," झुंबरबाई आतून म्हणाल्या. "डोळे फोडून केलंय तिनं. माझ्यासमोर." पण ऋषी हातपाय धुवायला गेला होता.

त्यानं शब्द पाळला. आठवड्याभरात मोठं खोकं घेऊन आला. "साहेबांच्या मेव्हण्यालापण एक पायजे. तुझ्या हाताचं लई कौतुक चाललंय, राव!"

समृद्धीनं खोकं उघडलं नाही. "मी नाही करणार."

ऋषीला खरंच कळेना. "का? मग दिवसभर करणार काय तू?"

"गाडी चालवीन. तुमची. आळेफाट्यापर्यंत तरी. आत्यांना दवाखान्यात नेईन, बाजार करीन." लग्नानंतर एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलली होती.

ऋषीचा चेहरा पडला, पण तो रागावला नव्हता. "बघू," तो म्हणाला. त्या आठवड्यात त्याला रात्रपाळी होती, निघायची वेळ झाली होती. त्यानं खुंटीवरची किल्ली घेतली आणि निघाला.

गाडीचा आवाज उसाच्या पलीकडं जाईपर्यंत समृद्धी दारात उभी होती. "आत ये गं, अंधार पडला," झुंबरबाईंनी हाक मारली. तिनं आत येऊन कडी लावली, ते खोकं उचललं आणि न उघडता कपाटावर टाकलं.